चला, लाल बावट्याच्या फडात बसू

मोबाइल खिशातून काढा आणि फडताळात ठेवून द्या. कानात चाललेलं रॅप बंद करा. आज रात्री ऐकायचंय ते त्याच कुळातलं आहे. तालावर बोलायचं, बोलता बोलता टोचायचं, आणि टोचून झालं की समोरच्या गर्दीकडून साथ वसूल करायची. फक्त त्यासाठी ऐंशी वर्षं मागे आणि धाराशिवहून पार परळपर्यंत जावं लागेल. घोंगडी घ्या, भाकरी बांधून घ्या. निघू.

डोळे उघडा. थंडी दात वाजवणारी आहे. ज्वारी हुरड्यात आलीय आणि पहाटेच्या शेकोट्यांचा धूर गल्लीत अजून रेंगाळतोय. महायुद्ध नुकतंच संपलंय. गाव तुमचंच आहे, पण कागदोपत्री उस्मानाबाद, आणि राज्य निजामाचं. कचेरीतला कारभार उर्दूत. पोरं शाळेत उर्दू गिरवतात आणि घरी येऊन आजीशी मराठीत भांडतात. चार माणसं जमवून सभा घ्यायची म्हटली तरी आधी सरकारची परवानगी काढावी लागते. ‘गश्ती निशाण 53’ हा तो हुकूम. तेव्हा चौकात उभं राहून मनातलं मोठ्यानं गाण्याची हौस जरा आवरा. मोठ्यानं चालतं ते देवीचं. तुळजापूरच्या वाटेवर आराधी गातात, गोंधळ्यांचं संबळ घुमतं, तुणतुणं किणकिणतं, वरातीपुढे हलगी कडाडते. हा ताल कानात मुरू द्या. परळला तो पुन्हा भेटणार आहे आणि तिथं तो वेगळ्याच कामाला लागलेला असेल.

कनवटीला पैसे आहेत? काढून बघा. हाली शिक्का, निजामाचं नाणं. बार्शीत पाऊल टाकलं की इंग्रजांचा कलदार लागतो आणि हाली त्याच्यापुढे हलका पडतो. सहा कलदारांना साधारण सात हाली. एखादा व्यापारी बदलून देईल, थोडे कापून. वाद घालू नका, गाडी चुकेल.

गाडी येडशीहून. धाराशिवला रेल्वे नाही, म्हणून येडशीपर्यंत बैलगाडी. धाव दगडावर आदळली की तुमची हाडंही आदळतात. बैलांच्या घुंगरमाळा, कडब्याचा वास, आणि रामलिंगाच्या बाजूच्या झाडीतून येणारा गारठा. स्टेशनावर उभी आहे ती बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीचे रूळ, आटोपशीर डबे, आणि डब्यांच्या मानानं प्रचंड धूर. ही गाडी कुर्डुवाडी ते बार्शी धावायला लागली 1897 मध्ये, आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. आत शिरा. बाकावर जागा मिळणार नाही. शेंगांच्या पोत्यावर मिळेल. पोतं कुणाचं आहे हे विचारायचं नाही, बसायचं. खिडकीतून कोळशाची कणी येईल. डोळा चोळू नका, आणखी आत जाते.

शेजारी एक म्हातारे बसलेत. पटक्याला पीळ देत विचारतात, “कुणीकडलं पाव्हणं?”

“धाराशिवचा. मुंबईला निघालोय, बाबा.”

“गिरणीत लागायला व्हय? आमच्या तडवळ्याची लई पोरं गेली. तिकडं पोट भरतं आन् तोंडबी उघडतं.”

मग ते तुमच्याकडे झुकून, आवाज खाली आणून सांगू लागतात. कसबे तडवळ्यात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषद भरली होती. खुद्द बाबासाहेब आंबेडकर आले होते. म्हाताऱ्यांनी त्यांना बघितलंय. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढी माणसं एका जागी गप्प बसलेली आयुष्यात पहिल्यांदा बघितली, असं ते म्हणतात. गाडीच्या खडखडाटात त्यांची काही वाक्यं हरवतात. हरवू द्या. त्यांचा चेहरा बघा.

हद्द आली. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, माणूस डब्यात चढतो. गाठोडी सोडा! तुमच्या भाकरीपर्यंत हात घालतो. भूमचा खवा कुणी पानात बांधून घेतलाय, त्याचा वास अख्ख्या डब्यात पसरतो आणि करोडगिरीवाल्याचंही नाक तिकडे वळतं. एक बाई लुगड्याच्या ओच्यात काहीतरी दडवून मख्ख बसलीय. अख्खा डबा तिच्याकडे न बघण्याचा कसून प्रयत्न करतो. मग शिट्टी. पांगरी मागे पडतं आणि तुम्ही इंग्रजांच्या मुलखात आलात. हवा तीच, माती तीच, ज्वारीही तीच.

बार्शी. उतरू नका, पण खिडकीतून नीट बघा. उद्या रात्री ज्याचा आवाज ऐकायचाय तो 1916 मध्ये या गावात जन्मला. मेहबूब हुसेन पटेल. घरात गरिबी, आई मुनेरबी. तिच्या तोंडच्या ओव्या आणि लोकगीतं ऐकत पोर वाढलं. मोटारीवर क्लीनर झालं, गिरणीत कामगार झालं, संपात उतरलं आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन आलं. पुढे कोल्हापूर, मग मुंबई, आणि नाव झालं अमर शेख. निजामाच्या हद्दीच्या इतक्या जवळ वाढलेल्या या पोराचा आवाज तुमच्या गावाला कायद्यानं ऐकता येत नाही, म्हणून तुम्ही तिकीट काढलंत.

कुर्डुवाडीला गाडी बदला. इथून मोठे रूळ. फलाटावर लढाईवरून परतलेले शिपाई पत्र्याच्या ट्रंकांवर बसलेत. तहान लागली? दोन माठ आहेत, एक हिंदू पाण्याचा, एक मुसलमान पाण्याचा. आणि ज्यांना दोन्हींतलं पाणी घेऊ देत नाहीत, ते ओंजळ धरून कुणीतरी वरून ओतण्याची वाट बघतात. हे नजरेत ठेवा. उद्या रात्री एकाच फळीवर, एकाच तांब्यातून पाणी पिणारी माणसं बघाल, तेव्हा त्याची किंमत कळेल.

रात्रभर उभ्यानं प्रवास. कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत, कुणाचं तरी मूल तुमच्या पायावर झोपलेलं. पहाटे दादर.

मुंबई आधी नाकाला कळते. ओलसर खारी हवा, कोळसा, गरम तेल, आणि गिरणीच्या भिंतीबाहेर उडत येणारा सरकीचा बारीक भुसा. मग भोंगा होतो. पोटात कंप उठतो. गल्ल्यांतून माणसांचा लोंढा निघतो, टोप्या, डबे, विड्या, खोकला. परळला तुमच्या गाववाल्यांचा गाळा आहे. दहा बाय बारा फुटांची जागा आणि माणसं मोजायला जाऊ नका. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा होतो, त्यामुळे अंथरूण कधीच गार पडत नाही. दुपारी खाणावळीत जेवा. खाणावळवाली मावशी धाराशिवचं नाव ऐकून भाकरी जरा जाड थापते आणि म्हणते, “घ्या, इथली आमटी पातळ असते, भाकरीनं भरा पोट.” रेशनच्या धान्यात खडे आहेत. जपून चावा.

आता संध्याकाळ. चला.

चाळीच्या पटांगणात दोन लाकडी बाकं जोडून वर फळ्या टाकल्यात, तोच रंगमंच. पडदा नाही, विंग नाही. एक गॅसबत्ती फुसफुसतेय, तिच्याभोवती किडे. वर तिन्ही मजल्यांच्या कठड्यांना बायका टेकलेल्या, कडेवर पोरं. खाली पुरुष मांडी घालून इतके दाटीनं बसलेत की श्वासही आळीपाळीनं घ्यावा. घामाचा, विडीचा, खोबरेल तेलाचा, कुणाच्या तरी गजऱ्याचा वास. पुढे सरका, पहिल्या रांगेत. मागून शिव्या येतील, हसून घ्या.

ढोलकीवाला ढोलकी लावतोय. थाप मारतो, कान लावतो, कडी आवळतो, पुन्हा थाप. एकदम पटांगण गप्प होतं.

फळ्यांवर चढतात ती माणसं नीट बघा. एक अमर शेख, हातात डफ. दुसरे अण्णा भाऊ साठे, वाटेगावच्या मातंग घरातले. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, आता माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहतात आणि तिथंच लिहितात. तिसरे द. ना. गव्हाणकर, तेही शाहीर. या तिघांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. पाण्याचा तांब्या एकच आहे, फिरतोय.

गण सुरू होतो आणि पहिल्याच ओळीला तुम्ही चमकता. तमाशाचा गण म्हणजे गणपतीचं नमन, हे तुमच्या हाडात आहे. इथं नमन मायभूमीला आणि तिच्यासाठी झिजणाऱ्यांना. आता गवळण येईल, कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवेल, म्हणून तुम्ही सावरून बसता. ती येतच नाही. गाळलीय. बाईला अडवून केलेल्या थट्टेवर हसायचं नाही, असं या माणसांनी ठरवलंय. शेजारचा म्हातारा कुरकुरतो, “गवळण न्हाई, मग तमाशा कसला?” कुरकुरू द्या त्याला. थोड्या वेळानं सगळ्यात मोठ्यानं तोच हसणार आहे.

मग डफावर बोटं पडतात.

अमर शेखांचा आवाज कसा होता हे सांगायला मला एकच जमतं. चैत्रात डोंगरावरून आलेली वावटळ अंगणातून जाते तेव्हा माणूस आधी डोळे मिटतो आणि मग बघायला धावतो, तसं होतं. कर्णा नाही, यंत्र नाही, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या कडेवरचं झोपलेलं पोर जागं होतं. पोवाडा उभा राहतो. मागचे झीलकरी ओळीचं शेपूट उचलतात, वर फेकतात, शाहीर ते झेलून पुढची ओळ टाकतो. गाता गाता मध्येच चाल सुटते आणि नुसतं बोलणं उरतं. भराभर, यमकावर यमक, श्वास न घेता, ढोलकीच्या पाठीवर बसून. हा कटाव. तुम्ही मोबाइलमध्ये जे ऐकत होतात ना, त्याची ही मराठी घडण, आणि ती आपल्या फडांत पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. या तिघांनी ती शोधली नाही. तिच्या तोंडात राजाऐवजी हमालाचं नाव घातलं, एवढंच केलं, आणि तेवढ्यानं हलकल्लोळ झाला.

काय गातात? बंगालच्या दुष्काळाची हाक. रस्त्यावर माणसं मरत असताना कोठारात धान्य दडवणाऱ्यांचा हिशेब. हे ऐकताना तुमच्या दाढेखालचा दुपारचा खडा पुन्हा टोचतो. पलीकडे एक कामगार डोळे पुसतोय आणि पुसतोय हे लपवतही नाही. गाणं संपतं, झोळी फिरते. आणे, पैसे, एका बाईनं वरून पदराच्या गाठीतलं नाणं भिरकावलंय. तुमच्याकडचा हाली टाकला तरी चालेल, पण कलदार टाका.

लगेच वग. सावकार येतो, पोटावर उशी बांधलेला. वकील येतो, कायदा तोंडात धरून. आणि मध्ये सापडलेला शेतकरी, ज्याला कुणी अक्कल आहे असं मानत नाही. ‘अकलेची गोष्ट’ या लोकनाट्यात अण्णा भाऊंनी याच माणसाला मध्यभागी उभं केलं. तो खाली मान घालून असा एक प्रश्न विचारतो की वकिलाची बोबडी वळते. पटांगण फुटतं. गवळण मागणारा म्हातारा मांडीवर थाप मारून लोळतोय. तुमच्याच गावच्या सावकाराचा चेहरा तुमच्या डोळ्यापुढे येतो आणि त्याच्यावर आपण कधी हसलोच नव्हतो हे ध्यानात येतं. भीतीपोटी हसलो नव्हतो. इथं हजार माणसं एकदम हसतायत, तेव्हा भीती कुणाच्या वाट्याला किती येणार?

डावीकडे, खांबाला टेकून एक माणूस उभा आहे. पांढरा सदरा, पायात चांगले बूट. हसत नाही. वहीत काहीतरी लिहितोय. साध्या वेशातला पोलीस. त्याच्याकडे बघू नका. अर्थात सगळे बघतायत, आणि सोंगाड्याही बघतोय. तो फळीवरून वाकून विचारतो, “दादा, शाई संपली तर सांगा, आमी हळू बोलतो.” पुन्हा हशा. पोलिसाच्या ओठाचा कोपरा हलला असं मला वाटलं.

पण सगळंच पटांगण त्यांच्या बाजूचं आहे असं समजू नका. मागून एक तरणा पोरगा उठतो. गांधी टोपी, आवाज थरथरता. “बेचाळीसला कुठं होता?” त्याचा भाऊ ‘चले जाव’मध्ये तुरुंगात गेला होता, आणि लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पक्षानं त्या वेळी आंदोलनाला साथ दिली नव्हती. स्टालिनग्राडवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला तेव्हा अशा घरांत तो गोड लागला नव्हता. पटांगणात एक जड क्षण येतो. त्या पोराचा राग खरा आहे, मी त्याला खोटं ठरवणार नाही. कलापथक पक्षाचं होतं. पक्षाच्या चुकांचं ओझंही त्याच्या डफावर होतं. शिवाय शिकलेल्या घरांत तमाशा म्हणजेच ओंगळ, मग हे तर ओंगळ आणि वर लाल. असा तिहेरी राग अंगावर घेऊन ही माणसं रोज रात्री फळ्यांवर चढत होती. पोरगा बसत नाही, निघूनही जात नाही. शेवटपर्यंत उभ्यानं ऐकतो.

आता मुंबईच्या वर्णनाची लावणी. पठ्ठे बापूरावांनी पूर्वी मुंबईची नवलाई गायली होती, ती इथं सगळ्यांना पाठ आहे. अण्णा भाऊ त्याच शहराकडे दुसऱ्या टोकानं बघतात. मलबार हिलची श्रीमंती एका बाजूला, आणि हा गाळा, ही वळकटी, हा खोकला दुसऱ्या बाजूला. आपल्या गल्लीचं नाव गाण्यात आलं की माणसं कशी होतात, हे बघायला मान वळवा. छाती पुढे येते. हात आपोआप ताल धरतात. बायका वरून कठडे बडवतायत. संबळ नाही, पण ताल तोच, तुळजापूरच्या वाटेवरचा.

मध्यरात्र उलटते. रातपाळीवाले केव्हाच गेलेत, जाताना गुणगुणत. तुमचे पाय बधिर झालेत, घसा बसलाय, कारण झील तुम्हीही ओढलीत, नाही म्हणू नका.

पुढचं थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि लाल बावट्याच्या प्रयोगांनाही तिचा फटका बसला. मग हीच मंडळी ‘लोकनाट्य’ या नावानं प्रयोग करू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं आणि तुमच्या गावातला तो 53 नंबरचा हुकूमही गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा डफ आणि अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड मैदानामैदानांत गाजली. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 ला गेले, अमर शेख 29 ऑगस्टला अपघातात. सहा आठवड्यांच्या अंतरानं दोघेही. गव्हाणकरांचं नाव तर आज फारच थोड्यांना आठवतं, आणि हे मला खटकतं.

हे दोघे गेल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी अमेरिकेत कॉम्प्टन नावाच्या गावातल्या काळ्या पोरांच्या एन.डब्ल्यू.ए. या गटानं पोलिसांविरुद्ध रॅप केलं, तेव्हा 1989 मध्ये खुद्द एफबीआयच्या अधिकाऱ्यानं त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. जगभर त्याची चर्चा झाली. तुम्ही मात्र खांबाला टेकलेला तो वहीवाला आधीच बघून आलात. आपल्याकडे पुढे विलास घोगरे, संभाजी भगत या शाहिरांनी तोच डफ हाती घेतला. कबीर कला मंचाच्या पोरापोरींनी घेतला आणि त्यापायी तुरुंगही भोगला. आज मराठीत रॅप करणारी पोरं आपापल्या वस्तीचं नाव घेऊन सुरुवात करतात. तीच खूण परळच्या पटांगणातही होती, त्यांना ठाऊक असो वा नसो.

आता परत या. मोबाइल घ्या. आणि एक मागणं ऐका. दर 1 ऑगस्टला धाराशिव जिल्ह्यात गावोगाव अण्णा भाऊंच्या जयंतीची मिरवणूक निघते. औंदा मिरवणुकीतला डीजे फक्त तासभर थांबवा. ढोलकी आणि डफ मागवा, दोन बाकं जोडा आणि गावच्या पोरापोरींकडून त्यांचं एखादं लोकनाट्य बसवून घ्या. रॅप करणाऱ्या पोराला सोंगाड्याचं काम द्या, तो उत्तम करील. अण्णा भाऊंचं निवडक वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं ग्रंथरूपात काढलेलं आहे. तालमीला जुलैपासून लागा.